भिंतीवरच्या डॉक्टरीणबाई

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या टेबलामागच्या फोटोत कोट-पँट घातलेल्या, छातीवर पदक लावलेल्या बाई कोण, हे नवीन पेशंट हमखास विचारतात. त्या डॉक्टर मेरी वॉकर. "मग आनंदीबाईंचा का नाही?" हा त्याला लागूनच येणारा प्रश्न.

आनंदीबाई तर आपल्या घरच्याच. पण इंटर्नशिपला असताना गळ्यात स्टेथोस्कोप असूनही वॉर्डात मला सगळे 'सिस्टर' म्हणून हाक मारायचे. सिस्टरांकडून मी खूप शिकले, तरी रोज सांगावं लागे की मी डॉक्टर आहे. त्या दिवसांत मला वॉकरबाई भेटल्या.

त्या १८५५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधून डॉक्टर झाल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं, तशा त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि सर्जन म्हणून घ्या म्हणाल्या. उत्तरेच्या सैन्याने नकार दिला. जखमींची रीघ लागलेली, डॉक्टर अपुरे, तरीही नकार! मग पेटंट ऑफिसच्या इमारतीत उघडलेल्या इस्पितळात त्या बिनपगारी राबल्या. यंत्रांचे नमुने ठेवलेली उंच काचेची कपाटं आणि त्यांच्या मधल्या जागेत सैनिकांच्या खाटा, असं ते इस्पितळ. हात-पाय कापण्याची घाई होतेय असं त्यांना वाटे. वाचण्यासारखा पाय दिसला की त्या सैनिकाला हळूच सांगत, कापू देऊ नकोस, नाही म्हणायचा हक्क आहे तुला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

पुढे ओहायोच्या ५२व्या पलटणीत त्यांना कंत्राटावर साहाय्यक सर्जन नेमलं. एप्रिल १८६४ मध्ये त्या दक्षिणेच्या सैन्याच्या हाती लागल्या. हेर समजून त्यांना रिचमंडच्या तुरुंगात टाकलं. चार महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत त्या सुटल्या, त्या दक्षिणेच्या एका सर्जनच्या बदल्यात. सर्जनला सर्जन! याचा त्यांना फार अभिमान होता, आणि मला तो पुरेपूर कळतो.

फोटोतलं पदक म्हणजे मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, १८६५ सालचं. ते आजवर दुसऱ्या कुठल्याही स्त्रीला मिळालेलं नाही. नियम बदलून १९१७ मध्ये सरकारने ते रद्द केलं, तेव्हा बाई ८४ वर्षांच्या होत्या. त्यांनी ते परत केलं नाही. १९१९ साली जाईपर्यंत कोटावर लावतच राहिल्या.