खातंय, पण वाढत नाही

आषाढातली गोष्ट. चिक्कोडी-निपाणी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी फर्मेंटेशन सांभाळतो. गाळप कधीच संपलं होतं, पण टाक्यांत मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा घट्ट पाक, साठवलेली असते, त्यामुळे आमचं काम पावसाळ्यातही चालूच. त्या रात्री पावसाने नुसतं झोडपून काढलं होतं आणि वीज 4 वेळा गेली होती. सकाळी 6 ला शिफ्टवर आलो तर ऑपरेटर व्हेसलच्या जिन्यावरच उभा. रायबागकडचा माणूस, मराठी चांगलं बोलतो, पण धास्तावला की कन्नडच तोंडात येतं. “सर, नोरे इल्ल री.” फेस नाही.

व्हेसल म्हणजे यीस्ट वाढवायची 5,000 लिटरची बंद टाकी. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कपासून सुरुवात करायची, मग 10 लिटर, 100 लिटर अशी एकेक पायरी चढवत यीस्ट इथवर आणायचं. इथं ते दाट झालं की मोठ्या फर्मेंटरला, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीत, सोडायचं. 4 दिवस जपलेलं असतं ते. तान्ह्या पोराला जपावं तसं मी जपतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

नमुना काढला, पातळ केला, मिथिलीन ब्लू घालून मोजणीच्या काचेवर थेंब घेतला. मिलिलिटरला 15 ते 20 कोटी पेशी हव्या होत्या. भरल्या जेमतेम 4 कोटी. मेलेली पेशी त्या रंगाने निळी पडते. इथं शंभरात 4-5 च निळ्या. बाकीच्या जिवंत, गोल, टवटवीत. पण कळ्या नाहीत! चांगल्या कल्चरमध्ये दर 3-4 पेशींमागे एकीला बटाट्याच्या डोळ्यासारखी बारीक कळी फुटलेली दिसते. काच सरकवत सरकवत मी पुष्कळ पाहिलं, कुठं एखाददुसरी. जंतूंच्या काड्याही फारशा नव्हत्या. ब्रिक्स, म्हणजे द्रवातल्या साखरेचं माप, मात्र उतरला होता आणि नमुन्याला अल्कोहोलचा वास येत होता. म्हणजे यीस्ट खातंय, पण वाढत नाही.

पीएच 4.6, तापमान 32. यीस्टचं खाद्य म्हणून युरिया आणि डीएपी घातल्याची नोंद बरोबर. मला मळीचा संशय आला. टाकीच्या तळातली होती, जुनी. मॅनेजरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, “10 पर्यंत काही हललं नाही तर ड्रेन करा, नवीन लावा.” त्यांचंही खरं होतं, फर्मेंटर रिकामा ठेवून चालत नाही. पण जिवंत कल्चर गटारात सोडायला माझा हात धजेना.

मग बेंगळुरूच्या वर्गमित्राला फोन लावला. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही एका बाकावर होतो. मी मळीकडे आलो, तो बिअरकडे गेला. सगळं ऐकून घेतलं आणि त्याने एकच विचारलं.

“हवा जातीय का रे?”

“ब्लोअर चालू आहे की. प्रेशर तर रोजच्यापेक्षा चांगलं आहे.”

“चांगलं म्हणजे?”

“जास्त.”

“जास्त का आहे पण?”

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. हवा मोकळी जात असली तर प्रेशर वाढेल कशाला?

त्याने सुरुवातच हवेपासून का केली, हे त्याच्या धंद्यात आहे. बिअरचं वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, उकळतात तेव्हा त्यातला ऑक्सिजन निघून जातो. गार झाल्यावर यीस्ट घालायच्या वेळी तो मुद्दाम परत विरघळवावा लागतो, लिटरला साधारण 8 ते 10 मिलिग्रॅम. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्साच, त्यामुळे नुसत्या हवेने त्याच्या फार वर जाता येत नाही. दाट वर्टला शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर लावतात. पाणी जितकं ऊन आणि गोड, तितका ऑक्सिजन कमी विरघळतो. आणि एकदा आंबायला लागलं की पुढं हवा लागू द्यायची नाही, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. घरी 20 लिटर करणारेसुद्धा ज्या देशांत तशी मुभा आहे तिथं भांडं गदागदा हलवतात, ते एवढ्यासाठीच.

आम्ही मात्र शाळेपासून शिकतो की आंबणं हवेविना होतं. पाश्चरने 19व्या शतकात दाखवलं ते खरंच आहे: यीस्ट हवेशिवाय जगतं, साखरेचं अल्कोहोल करतं. पण नवी पेशी घडवायची तर तिच्या आवरणाला अर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त स्निग्धाम्लं लागतात, आणि ती तयार करायला ऑक्सिजन हवाच. तो मिळाला नाही तर आई आपल्याजवळचीच शिदोरी अर्धी बांधून लेकीला देते. लेक तिच्या लेकीला. काही पिढ्यांत गाठोडं रिकामं होतं, आणि कळ्या थांबतात. काचेखाली मी तेच पाहत होतो, फक्त वाचता आलं नव्हतं.

हवेच्या फिल्टरचं हाउसिंग खोललं. पांढरी कार्ट्रिज गुळाच्या काहिलीत बुडवून काढल्यासारखी तपकिरी, चिकट. रात्री वीज गेली तेव्हा ब्लोअर थांबला आणि टाकीतला द्रव हवेच्या पाइपातून उलटा चढला. त्याला अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गंजाच्या एका खपलीवर अडकून अर्धवट उघडा राहिला होता. गेज फिल्टरच्या अलीकडे, म्हणून त्यात प्रेशर भरपूर. हवेचा प्रवाह दाखवणारा रोटामीटर महिनाभर बायपासवर, काच तडकलेली म्हणून. मागणी मी दिली होती, पण पाठपुरावा केला नाही. हे मला फार लागलं.

व्हेसलचा व्हॉल्व्ह बंद ठेवून लाइन धुतली, नवी कार्ट्रिज बसवली, 121 अंशांवर वाफ दिली, गार केली आणि साडेनऊला हवा सोडली. काचेच्या झरोक्याला डोळा लावून आम्ही दोघं उभे. आधी मोठे, ओबडधोबड बुडबुडे आले. मग सगळा पृष्ठभाग बारीक हलायला लागला. मॅनेजरसाहेबांना संध्याकाळपर्यंत मुदत मागितली; त्यांनी दिली.

12 वाजताच्या नमुन्यात कळ्या होत्या! कुठं कुठं एकाच पेशीला दोन. ऑपरेटरला बोलावून दाखवल्या. त्याने सूक्ष्मदर्शकात असं पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ डोळा काढेना. “मरी हाकली आहे, सर,” म्हणाला. पिल्लं घातलीत.

संध्याकाळी साडेसहाला मोजणी 17 कोटींवर गेली. सातला पंप चालू करून फर्मेंटरला सोडलं. तोवर मी लॉगबुकच्या पानावर पट्टीने एक नवा रकाना आखला होता: हवा, दर तासाला. रोटामीटरची काच यायची होती, म्हणून पहिल्या ओळीत ऑपरेटरने लिहिलं, “झरोक्यातून पाहिलं, बुडबुडे बारीक,” आणि खाली सही केली.