उभ्या रेघेचाच साप का घेतला?

‘आडव्या पट्ट्यांचा एवढा देखणा किंग स्नेक मिळत असताना पाठीवर नुसती उभी रेघ असलेला का घेतलात?’ घरी येणारा प्रत्येक सापवेडा हे विचारतो. काहींना वाटतं, पैसे कमी पडले असतील. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

रेघेचा साप दुय्यम, हा समज आधी सोडा. दोन्ही कॅलिफोर्निया किंग स्नेकच, घरी पाळले जाणारे बिनविषारी साप. पूर्वी शास्त्रज्ञही त्यांना वेगळे मानत. सॅन दिएगोच्या लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हेची पिल्लं निघतात.

मलाही आडवे पट्टेच हवे होते. मित्राकडे तसा होता. काळ्याभोर अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरीशुभ्र रुंद कडी. माझा भाचा तिथे गेला की त्याला हातावर घेऊन पट्टे मोजत बसायचा.

मे महिन्यातली रात्र होती. होटगी रोडला बहिणीकडे लाईट गेलेली, सगळे उकाड्याने अंगणात. भाचा मागच्या बाजूला धुण्याच्या दगडाशी उकिडवा बसला होता. ‘मामा, किंग आलाय!’ मी मोबाईलचा उजेड टाकला. मानेमागचा भाग नुसता काळा आणि पुढे बारीक पांढऱ्या रेषा, जोडीजोडीने. मण्यार. पोराचा हात तिच्यापासून वीतभर लांब, तळवा वर केलेला, मित्राकडे साप अंगावर चढू देताना धरायचा तसाच. मी दंडाला धरून त्याला मागे ओढलं. तो पडला, गुडघा फुटला, रडला. मण्यार चावली तर कित्येकदा दुखतही नाही, सूज येत नाही. पोर झोपून गेलं असतं आणि श्वास थांबेपर्यंत आम्हाला कळलं नसतं. सर्पमित्र तिला बरणीत घालून घेऊन गेले, तेव्हा भाचा म्हणाला, ‘मग तो चांगला आणि हा वाईट, हे अंधारात मी कसं ओळखायचं?’

मुलावर लक्ष ठेवावं, नक्षीचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. माझ्यातला तो जुना माणूस अजून भांडतो: मग कवड्याचं काय? तोही बिनविषारी, आणि मण्यार समजून लोक त्याला ठेचतात. खरं आहे. पण कवड्याला हातावर खेळवायला आपण कुणी पोरांना शिकवत नाही.

म्हणून रेघेचा शोधला, आणि विक्रेत्याकडे आधी आईबापांचे फोटो मागितले. दोघं सख्खी भावंडं नाहीत ना, हेही विचारलं. तो वैतागला, ‘साप घेताय की सोयरीक जुळवताय?’ पण पिल्लाच्या पाठीवरून त्याचं घराणं कळत नाही. फोटोत बाप रेघेचा निघाला, आई आडव्या पट्ट्यांची.

पिल्लं कधी देणार, असं विचारणाऱ्यांनाही उत्तर यातच आहे. याची जोडी लावली तर आडव्या पट्ट्यांची पिल्लंही निघू शकतात, आणि ती ज्या घरात जातील तिथे पोरं असतील. मी जोडी लावणार नाही. मित्राला हे अति वाटतं. त्याचा साप अजून त्याच्याकडेच आहे, भाचा अजून तिथे जातो, आणि त्यावरून बहिणीचं आणि माझं पटत नाही.