पाणी ते पाणीच!

गाडीच्या इंजिन ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण. पावसाळ्यात तिथे नुसती वाफही जमते, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पाहिली. तीही तशीच. आंबा घाटात तापून रत्नागिरीला आलेली गाडी.

मालक म्हणाले, "गॅस्केट तेवढं बदला हो, हेड कशाला तपासायचं?"

अहो, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील. तापल्यावर वाकतं ते हेडच! अ‍ॅल्युमिनियमचं ना. स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ धारेची पट्टी, आडवीतिडवी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पात, सरकवायचा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमीची पात शिरली की हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला. हेडचे ठरावीक अंशात फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते नवेच घ्यायचे. आवळणी मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं.

आणि रेडिएटरमध्ये? विहिरीचं मचूळ पाणी. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं खास द्रव, विचारलं, तर म्हणे, "पाणी ते पाणीच!"

खाडीकाठच्या विहिरीचं पाणी चहाला तरी चालतं का हो?