पाहुण्यामागचं ‘विथ’

‘पुट अप विथ’ची फोड करायला बसलं तर हाती लागतं ते ठेवणे, वर आणि सोबत. अर्थ मात्र सहन करणे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात असल्या क्रियापदांच्या याद्या छापलेली पुस्तकं ढिगाने मिळतात आणि स्पर्धा परीक्षावाली मुलं ती घोकत असतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय : क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ फिरवायची ही इंग्रजीची सवय परक्यांना सगळ्यात जड जाते.

मला गंमत वाटते ती ‘विथ’ची. नुसतं ‘पुट अप’ म्हणजे एखाद्याची रात्रीपुरती राहायची सोय करणे. त्याला ‘विथ’ चिकटलं, की तोच माणूस सोसायचा! कोथरूडच्या दोन खोल्यांत मुलाखतीसाठी उतरलेल्या भाच्याला हे ‘विथ’ नेमकं कधी लागतं? माझ्या मते, तो न विचारता गीझर लावायला लागतो तेव्हा. व्याकरणालाही हे कळलेलं दिसतं. ‘पुट हिम अप’मध्ये पाहुणा दोन शब्दांच्या मध्ये ऐसपैस बसतो, ‘पुट अप विथ हिम’मध्ये त्याची रवानगी थेट दाराशी.

पुस्तकातलं ‘सहन करणे’ मला तरी पटत नाही. माणूस गेल्याचं दुःख कुणी ‘पुट अप विथ’ करत नाही, ते सोसायचं असतं. ‘पुट अप विथ’ कटकटीसाठी : वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, शेजारच्या खाटेवरचं घोरणं, सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळ. आपल्याकडे त्याला ‘चालवून घेणे’ आहे. आमटीत मीठ कमी पडलं, चालवून घ्या. त्यात तक्रार असते, पण जेवण थांबत नाही.

आणि ‘खपवून घेणे’? तेही त्याच कुळातलं, पण जरा हुद्द्यावरचं. घरात ते वडील वापरतात, बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी. इंग्रजीतही ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणताना असाच आवाज चढतो. फरक इतकाच, की इंग्रज ‘पुट अप विथ’ होकारातही मुकाट वापरतो. आपलं ‘खपवून घेणे’ मात्र नकाराशिवाय सहसा घराबाहेर पडत नाही. पार्किंगमध्ये, जिन्यात, लिफ्टशेजारी, सगळीकडे ‘खपवून घेतले जाणार नाही’. ‘खपवून घेतले जाईल’ अशी पाटी पुण्यात अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.