दंतसहायकाच्या हातात नेमके काय द्यावे?

अमेरिकेत दंतवैद्याच्या सहकाऱ्याने रुग्णाच्या तोंडात कोणते काम करावे, हे त्याच्या कौशल्याइतकेच त्या-त्या राज्याचा कायदा ठरवतो. दात आणि हिरड्या स्वच्छ करणाऱ्या डेंटल हायजिनिस्टला सामान्यतः मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, राष्ट्रीय लेखी परीक्षा आणि बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षा पार करून राज्याचा परवाना घ्यावा लागतो. तेव्हाच हिरड्यांखालचा कठीण थर खरवडून काढण्याचा अधिकार मिळतो. असा पहिला परवाना कनेक्टिकटने १९१७ मध्ये आयरीन न्यूमन यांना दिला. जागेपुरती भूल देण्याची मुभा मात्र वॉशिंग्टन राज्याने प्रथम दिली, तीही १९७१ मध्ये; हा विलंब मला आजही खटकतो.

विस्तारित, म्हणजे नेहमीच्या मदतीपलीकडची, कामे करणाऱ्या सहायकाची बाब अधिक नाजूक आहे. कीड कोरून काढणे हे सहायकाचे काम नाही. पण त्या पोकळीत सिमेंट भरून त्याला दाताचा आकार देणे अनेक राज्यांत प्रशिक्षित सहायकाला करता येते, मात्र दंतवैद्याने दवाखान्यात हजर असावे आणि रुग्ण जाण्यापूर्वी ते काम तपासावे, अशी अट बहुधा असते. ही अट मला अत्यावश्यक वाटते, कारण किंचित उंच राहिलेले सिमेंट रुग्णाला अनेकदा घरी जेवतानाच जाणवते. निदान आणि उपचारांची आखणी सहायकाकडे सोपवता येत नाही.