'बहुधा' चित्रात कसं काढायचं?

गुप्तचर यंत्रणेत डिझायनरला काय काम असतं, हा प्रश्न डिझाइन शिकणारी मुलं वारंवार विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून अमेरिकेच्या यंत्रणांपुरतं सांगतो, कारण तिथले बरेच नियम जाहीर आहेत.

रोजचं काम अहवालांचं: नकाशे, आलेख, घटनाक्रम, उपग्रह छायाचित्रांवरच्या खुणा. सगळ्यात अवघड भाग मात्र शंका दाखवण्याचा. विश्लेषक 'बहुधा' असं लिहून मोकळा होतो. चित्रात एकदा रेघ ओढली की बघणाऱ्याला ती वस्तू तिथे आहेच असं वाटतं.

5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली. ट्रक, रेल्वेचे डबे, आतल्या टाक्या, सगळं नीटनेटकं रेखाटलेलं. छायाचित्र एकही नव्हतं. आधार मुख्यतः 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका खबऱ्याचा, आणि त्याची थेट चौकशी अमेरिकी यंत्रणांना करता आली नव्हती. 2004 मध्ये सीआयएने त्याची माहिती बनावट ठरवली. खबर चुकीची होतीच, पण त्या सफाईदार रेघांनी तिला वजन दिलं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ती चित्रं आधी बघावीत.

त्यांच्या शेजारी 1962 चं क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्र तळाचं छायाचित्र ठेवा. 14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 या हेरगिरी विमानाने टिपलेल्या चित्रांचे फलक 16 तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडींसमोर होते. त्यातल्या सॅन क्रिस्तोबाल या ठिकाणाच्या चित्रावर बाण आणि मोजके शब्द: '8 क्षेपणास्त्र ट्रेलर', 'तंबूंची जागा'. एका ठिकाणी नुसतंच 'उपकरणे'. जेवढं ओळखता आलं तेवढंच लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग करायचं काय? खबऱ्याने चाकं किती ते सांगितलं नसेल, तर चाकं काढायची नाहीत. साधा चौकोन पुरतो. पक्क्या गोष्टीला सलग रेघ, अंदाजाला तुटक, आणि त्याचा खुलासा चित्राच्या आतच, कारण बैठकीसाठी चित्र अहवालातून उचललं जातं आणि तळटीप मागे राहते. माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे तेही चित्रातच. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका: काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. 'आयसीडी 203' या अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या नियमावलीत शक्यतेच्या शब्दांना टक्केवारी ठरवून दिली आहे. 'बहुधा' म्हणजे 55 ते 80. म्हणून आलेखात मधोमध 67 वर ठिपका ठेवणं चूक, 55 ते 80 असा पट्टा हवा. आपल्या निष्कर्षावर विश्लेषकाचा भरवसा किती, ही आणखी निराळी गोष्ट. शक्यता पट्ट्याच्या लांबीने दाखवली असेल, तर भरवसा शब्दांत लिहावा. दोन्ही एकाच खुणेत कोंबले की वाचणारा हमखास गोंधळतो.

गोपनीयतेचे शिक्के हाही मांडणीचाच भाग आहे. पानाच्या वर-खाली गोपनीयतेचा दर्जा, शिवाय प्रत्येक परिच्छेद, चित्र आणि चित्रओळ यांना आपापली खूण. त्यासाठी जागा सुरुवातीलाच राखावी लागते, नाहीतर शेवटच्या तासाला सगळी मांडणी ढासळते. छायाचित्र कापून लहान केलं म्हणून त्याचा दर्जा आपोआप उतरत नाही.

फायलींमध्ये खरी गफलत होते. पॉवरपॉइंटमध्ये कापलेल्या चित्राचा उरलेला भाग आत तसाच राहतो. एक्सेलमधून चिकटवलेल्या आलेखासोबत पूर्ण तक्ता येऊ शकतो. पीडीएफमधल्या मजकुरावर काळी पट्टी टाकली, तरी खालचा मजकूर कॉपी होतो. 2005 मध्ये इराकमधल्या एका गोळीबाराचा अमेरिकी लष्करी अहवाल असाच उघडा पडला. उपाय सोपा आहे: झाकायचा मजकूर मूळ फायलीत खोडून त्या जागी भरताड घाला, वक्त्याच्या टिपा आणि लपलेले थर काढा, मग नवी पीडीएफ बनवा आणि सगळं निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा.

कामाच्या खोलीत फोन नेता येत नाही, इंटरनेटही नसतं. ऐनवेळी फॉन्ट किंवा आयकॉन उतरवून घेण्याची सोय नाही, म्हणून यंत्रावर आहेत त्याच फॉन्टमध्ये विचार करायची सवय लागते.

अमेरिकेतल्या मराठी मुलांसाठी: या नोकरीला तिथलं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. एसएफ-86 या सुरक्षा-तपासणीच्या अर्जात आधीच्या 10 वर्षांचे पत्ते आणि भारतातले जवळचे नातेवाईक नोंदवावे लागतात. नातेवाईक परदेशात आहेत एवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही; लपवाछपवी मात्र भोवते. पोर्टफोलिओत गोपनीय काम टाकता येत नाही, आणि पुढे नोकरी बदलताना सीआयएसारख्या ठिकाणी बायोडेटाही आधी तपासून घ्यावा लागतो. म्हणून खुल्या माहितीवर स्वतंत्र नमुने तयार ठेवा: एखादा पूरनकाशा, निवडणुकीचा अंदाज, आणि त्यात तुटक रेघा कुठे व का वापरल्या याचं चार ओळींचं स्पष्टीकरण.