पेन्सिल सेलवरचा कॅमेरा

कॉलेजात जाणाऱ्या भाचीला कॅमेरा हवाय. गळ्यात मिरवायचा मोठा नव्हे, खिशात मावणारा, स्वस्तातला आणि शक्यतो तिच्याच वयाचा. तिच्या कंपूत याला ‘डिजिकॅम’ म्हणतात. हातातल्या फोनला तीन-तीन कॅमेरे असताना हे कशाला, असं तिच्या आईनं विचारून झालंय. त्यावर तिचं उत्तर मला आवडलं. “मामा, फोनमधले फोटो फार शहाणे येतात रे.” खरंय. फोन स्वतःच्या मनानं गालावरचा मुरूम पुसतो, ढगाळ आभाळ निळं करतो, रात्रीच्या गच्चीवर उजेड पाडतो. तिला ती जशी आहे तशी हवी आहे, मुरमासकट. या वयात ही मागणी म्हणजे कौतुकच.

माझ्याकडे कॅननचा पॉवरशॉट ए-५९० आयएस आहे, २००८ सालचा. आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल (एए आकाराचे). म्हटलं, बाजारात जाऊन पैसे घालवण्याआधी हा वापरून बघ. रोजचे फोटो काढायला असला कॅमेरा किती कामाचा, ते घरातच कळतं; दुकानातल्या काचेवर ठेवलेले सगळेच गुणी दिसतात.

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल मोजून दाखवणार. त्याला मान डोलवावी आणि मनातल्या मनात हिशेब करावा. स्टुडिओतून आपण चार बाय सहा इंचांची प्रिंट काढतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. आणि हल्ली प्रिंट काढतो तरी कोण? मेगापिक्सेल वाढले तरी ज्याच्यावर उजेड पडायचा तो सेन्सर तेवढाच राहतो. या कॅमेऱ्यातला सेन्सर पावणेसहा मिलिमीटर रुंद आणि सव्वाचार उंच, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. जुन्या रोलवरची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. तिच्यात असे सुमारे पस्तीस दाणे बसतील. तेवढ्याशा जागेत आठ काय नि सोळा काय, दाटी करून बसवलेले. भर उन्हात काही कळत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कळतं.

म्हणून पहिली परीक्षा ट्यूबलाइटची. संध्याकाळी सातला स्वयंपाकघरात आजी भाकरी थापत बसलेली असताना फ्लॅश बंद करून फोटो काढायचा. उजेड कमी पडला की कॅमेरा आपली संवेदनशीलता वाढवतो, तिचा आकडा म्हणजे आयएसओ. आयएसओ ४००पर्यंत आमचा कॅमेरा निभावून नेतो. आठशेला आजीच्या पातळावर रांगोळी सांडल्यासारखं दिसू लागतं आणि सोळाशेला आजी कोणती नि पातळ कोणतं ते विचारू नये. ‘आयएस’ म्हणजे हात हलला तरी सावरून घेण्याची सोय. ती फोटो काढणाऱ्याच्या हाताची थरथर सावरते, आजीच्या हाताची नाही. भाकरी थापणारे हात पुसटच येतात. भाचीला नेमके तेच आवडले.

फ्लॅश लावला तर तीन-साडेतीन मीटरपर्यंत उजेड पोचतो. त्यात येतील ते भुतासारखे पांढरे, मागचे अंधारात. डोळे लाल येतात ते वेगळंच. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे त्याचा झोत बुबुळातून आत जाऊन रक्ताचा लाल रंग घेऊन सरळ लेन्समध्येच परत येतो. आरतीच्या वेळी तर फ्लॅश हवाच कशाला? निरांजनाचा उजेड त्यानं पार धुऊन निघतो. हा नियम मी घरात लावून दिलाय आणि दर गणपतीत कोणी ना कोणी तो मोडतंच.

दुसरी परीक्षा खट्याळ पोराची. बटण दाबणं आणि फोटो निघणं यात या कॅमेऱ्यांना जरा वेळ लागतो. तेवढ्यात मेणबत्ती विझते, पोरगं पाठ फिरवतं. युक्ती अशी, की बटण आधी अर्धंच दाबून धरायचं. हिरवी चौकट आली की फोकस झाला. मग पोराची वाट बघत थांबायचं आणि वेळ आली की उरलेलं अर्धं दाबायचं. भाचीला हे माहीतच नव्हतं. फोनच्या काचेवर अर्धं कसं दाबणार? तिला त्या थांबण्याचीच जास्त गंमत वाटली. दिवसभर घरात नुसतं अर्धं दाबणं चाललं होतं.

सेलचं प्रकरण मात्र मला जिव्हाळ्याचं. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा ही माझ्या मते या जातीतली सर्वांत मोठी सोय. खास बॅटरीचे कॅमेरे सडपातळ दिसतात, पण पंधरा वर्षांनी ती बॅटरी फुगते आणि तिच्यासारखी दुसरी हुडकत फिरावं लागतं. पेन्सिल सेल गावच्या वाण्याकडेही मिळतो. मात्र घड्याळातला साधा स्वस्त सेल यात घातला तर लेन्स बाहेर येते, एकदा डोळे मिचकावते आणि कॅमेरा मान टाकतो. फ्लॅश भरताना एकदम मोठा प्रवाह लागतो, तो त्या सेलला झेपत नाही. चार्ज होणारे निकेलचे सेल घ्यावेत. लिहिलेले असतात १.२ व्होल्ट, दीडच्या सेलपेक्षा कमी, पण ओढ लागली तरी ते ताण सोसतात. चांगल्या अल्कलाइनच्या दुपटीहून जास्त फोटो देतात.

या उमेदवारीनंतर आम्ही मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. तिथं जुना कॅमेरा हातात आला की आधी सेलचं झाकण उघडायचं, हे मी तिला बजावून ठेवलं होतं. स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली की कॅमेरा खाली ठेवायचा, किंमत विचारायचीसुद्धा नाही. झाकणाची खिट्टी शाबूत आहे का, लेन्स बाहेर येताना करकरते का, पांढऱ्या भिंतीच्या फोटोत एकाच जागी डाग पडतो का, हेही बघायचं. आणि कॅमेरा २००६च्या आधीचा असेल तर त्याला एसडीएचसी (दोन जीबीपेक्षा मोठं) कार्ड बहुधा चालत नाही. दोन जीबीचं जुनं कार्ड हुडकणं हा आणखी एक व्याप. आम्ही सेल घरूनच नेले होते. एका कॅमेऱ्यानं चालू होताच तारीख-वेळ विचारली. म्हणजे आतला बटणासारखा छोटा सेल संपलेला, एवढंच. त्याला खर्च फारसा नाही, पण भाव पाडायला कारण उत्तम. भाचीनं ते पुरेपूर वापरलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आमचं जमत नाही ते एका मुद्द्यावर. या जुन्या कॅमेऱ्यांची लेन्स ३५ मिलिमीटरपासून सुरू होते, फोनची साधारण २४-२६ पासून; आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावतं. आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सगळं खानदान बसवायचं, तर ३५ला मी गॅलरीच्या कठड्याला टेकतो आणि तरी कडेचे दोघं कापले जातात. म्हणून मी म्हणतो, नवाच घे. कोडॅकच्या नावानं निघणारा पिक्सप्रो एफझेड-४५ पेन्सिल सेलवरच चालतो, २७पासून सुरू होतो, सोळा मेगापिक्सेल आहे, आणि नवा असल्यानं पावतीही मिळते. तिला तो नको. त्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, ए-५९०ला आहे. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही तेव्हा ती उपयोगी पडते हे मला मान्य, पण तिच्यात दिसतं त्यापेक्षा फोटोत जास्तच येतं, हेही मी सांगून पाहिलं.

“मग बरंच की,” ती म्हणाली, “आणि नाही मावले, तर मावतील तेवढेच घ्यायचे.”

मोठ्या काकूंना हे कोण सांगणार, ते अजून ठरायचं आहे.